न बांधलेल्या घराची फरशी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या बांधकाम साहित्य विक्रेता मंडळाला वडीलकीच्या नात्याने सांभाळून घेणारे आदरणीय आबासाहेब म्हस्के. व्यासपीठावरचे तिसगावचे सेंट्रिंग कॉन्ट्रॅक्टर बाबाजानभाई शेख. व्यासपीठावर बसायला चक्क नकार देऊन तिसऱ्या रांगेत पदर सावरून बसलेल्या हसीनाभाभी. सूत्रसंचालनाची धुरा वाहणाऱ्या ग्लोरियाताई. सावेडीतले आणि तालुक्या-तालुक्यांतून आलेले माझे व्यापारी बंधू-भगिनी. गवंडी, फरशीवाले, प्लंबर मंडळी, आणि जिच्यासाठी आपण हे मंगल कार्यालय लग्नसराई असूनही मिळवलं ती आजची सत्कारमूर्ती, आयुष्मती सबिहा बाबाजान शेख!

सत्कारमूर्ती म्हणताना जीभ अडखळते हो. परवापर्यंत मी हिला "ए सबे, चहा घेणार का" असं दुकानाच्या दारातून ओरडून विचारत होतो.

ग्लोरियाताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ताई, तुमचा अधिकार मान्य आहे, पण तुम्ही माझे वडील पाहिलेले आहेत. कै. शांतवन वैरागर चर्चमध्ये प्रार्थना सांगायला उभे राहिले की मागच्या बाकावरच्या बायका घरी जाऊन भाताला आधण ठेवून परत यायच्या, तरी 'आमेन' बाकी असायचं. मी त्यांचाच मुलगा मार्क. फरशीचा धंदा आणि लांबण लावायची सवय, दोन्ही वारसाहक्काने आली. तेव्हा बाहेर मसालेभाताचा वास सुटला असला तरी मंडळींनी जरा दम धरावा.

निरोपाच्या भाषणात वक्त्याने गंभीर असावं, मधेच चष्मा काढून पुसावा, असा रिवाज आहे. मला आज ते जमणार नाही, कारण मी खूश आहे. आनंदाने मला सकाळपासून जेवण गेलेलं नाही. आमच्या सौ. दया म्हणाल्या, "पोरगी गाव सोडून चालली आणि तुम्ही नाचताय काय?" मी म्हटलं, अगं, पोरगी कुठे चालली आहे ते बघ ना!

पण कुठे चालली हे सांगायचं तर ती कुठून आली हे आधी सांगायला हवं. बाबाजानभाईंनी तिसगाव-पाथर्डी पट्ट्यात किती स्लॅब टाकले ते त्यांनाही आठवत नसेल. त्यांचं एक दुखणं होतं. आपल्याकडे घर बांधायचं म्हटलं की नकाशा येतो. तो कोण बघतं? घरधनी बघतो, त्याचा मेहुणा बघतो, पुण्याहून आलेला साडू उलटा धरून बघतो. आणि जिला त्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा आहे ती बाई चहाचा ट्रे घेऊन बाजूला उभी असते. मग ओटा बांधून होतो, कडप्पा बसतो, आणि बाई पहिल्यांदा ओट्यापाशी उभी राहून म्हणते, "अगंबाई, खिडकी पाठीमागे?" झालं! घाला घण. बाबाजानभाईंनी बांधलेले ओटे जितके, तितकेच फोडलेले.

आता म्हणाल, आखणी असते की. असते ना! फक्कीने जमिनीवर पांढऱ्या रेघा मारायच्या, नारळ फोडायचा, आणि सगळं घर त्या रेघांमध्ये फिरवायचं. पण इथले गवंडी बसलेत, त्यांना विचारा, आखणीत खोली कशी दिसते? लहान! भिंती नसल्या की खोली अंग चोरून बसल्यासारखी वाटते. मग म्हातारा म्हणतो, "दोन फूट वाढवा." मुलगा म्हणतो, "तीन." असं करत करत घर शेजाऱ्याच्या बांधावर जातं, आणि बाबाजानभाई डोक्याला हात लावून बसतात.

हे लहानपणापासून बघत आलेल्या मुलीने इंजिनिअरिंग केलं आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "काका, रेघांवर भिंती उभ्या केल्या तर?" मी म्हटलं, "बाई, त्यालाच बांधकाम म्हणतात." ती म्हणाली, "नाही काका. बांधायच्या आधी."

माझ्या दुकानामागे मोकळा प्लॉट आहे, तिथे मला नेलं. हातात मोबाईल दिला. म्हणाली, "धरा समोर आणि चाला." सांगतो तुम्हाला, समोर काटेरी झुडपं आणि कुणीतरी टाकलेली फुटकी टाकी, आणि मोबाईलमध्ये घर! दार, ओसरी, आत हॉल, जिना. मी पाऊल टाकलं की घर सरकायचं नाही, मीच आत जायचो. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी का काय ते म्हणतात. जे आहे त्यावर जे नाही ते बसवून दाखवायचं. मी पोट सुटलेला, उंचापुरा माणूस. दारातून आत जाताना चौकट डोक्याला लागेल म्हणून वाकलो. नसलेल्या चौकटीखाली वाकलो! मागे दया उभी होती. ती तेव्हा जी हसली, ती परवा आठवून पुन्हा हसली.

तिने त्या अ‍ॅपचं नाव ठेवलं 'ओसरी'. मग तिने काय केलं, आमच्या दुकानांतल्या फरशांचे, रंगांचे, दारांचे नीट फोटो काढून त्या घरात घातले. बोट लावलं की जमिनीवर माझी फरशी. पुन्हा बोट लावलं की समोरच्या गोरक्षनाथ दरंदलेची. तिसगावच्या छोट्या दुकानातली शहाबादी फरशीसुद्धा त्यात होती. बायका आपल्या नसलेल्या ओट्यापाशी उभ्या राहून सांगायला लागल्या, "खिडकी इकडं घ्या." आणि बाबाजानभाईंचा घण गंजायला लागला. टाळ्या त्यासाठी वाजवा की! आत्ता नाही, सावकाश... बरं, वाजवा.

हो, गोरक्षनाथ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो काय पाचव्या रांगेत निळ्या शर्टात बसलाय. रस्त्याच्या या बाजूला माझं दुकान, त्या बाजूला त्याचं. त्याने पाटी मोठी केली की मी दिवे वाढवतो. मी दसऱ्याला सवलत लावली की तो सर्वपित्रीलाच लावून मोकळा. आमची मैत्री शाळेपासूनची आहे आणि वैर दुकानापासूनचं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या धंद्यात जावईबापू आले.

नाव घेत नाही. आमच्या वकिलांनी हात जोडून सांगितलंय, चौकशी चालू आहे, मार्कराव, स्टेजवर नाव घेऊ नका. एक मोठा ऑनलाइन बाजार, घर बांधायला लागणारं सगळं विकणारा. आम्ही त्याला जावईबापू म्हणायला लागलो, कारण आला तेव्हा काय तो गोडवा! आमच्याही मालाला जागा दिली, आर्किटेक्टना, कॉन्ट्रॅक्टरना नकाशा मोबाईलमध्ये उभा करून दाखवायची सोय फुकट दिली. आम्ही म्हटलं, वा, पाहुणा गुणाचा आहे. पाट मांडला, चौरंग दिला. आणि मग धोंड्याच्या महिन्यातल्या जावयासारखा तो बसला तो बसलाच, वर म्हणतो, घरातल्या बाकीच्यांनी कुठे बसायचं तेही मीच ठरवणार.

हळूहळू कळायला लागलं. त्याच्या अ‍ॅपमध्ये घर उघडलं की जमिनीवर आधीच फरशी घातलेली. कोणाची? त्याचीच! पांढरीशुभ्र, त्याच्या घरच्या ब्रँडची. बदलायची सोय होती, नाही असं नाही. पण आम्हाला शोधायला मात्र पडदा सरकवत सरकवत पार खाली जायचं. आणि मग फर्मान आलं. ज्याचा माल 'ओसरी'त दिसेल, त्याचा माल आमच्याकडे दिसणार नाही. जो कॉन्ट्रॅक्टर 'ओसरी'त घर दाखवेल, त्याची सोय बंद.

कोणी म्हणेल, त्याचं दुकान, त्याची मर्जी, यात गैर काय? अध्यक्षमहोदय, आपण घोडेगावच्या बाजारात म्हशी घेतलेल्या आहेत. तिथे कुणीही आपलं जनावर आणतो, उभं करतो, घेणारा कास बघतो, दात बघतो, ठरवतो. आता समजा बाजाराचं मैदान ज्याचं, त्यानेच म्हशी विकायला काढल्या. स्वतःच्या म्हशी फाटकाशी सावलीत बांधल्या, तुमची पार मागे बाभळीखाली. वर दम दिला, की तुझी म्हैस दुसऱ्या कुठल्या बाजारात दिसली तर इथे पाय ठेवायचा नाही. याला कोणी बाजार म्हणेल का हो?

आणि सबिहाचं काय? दुकानदार एकेक करून गळायला लागले. मी त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे. 'ओसरी'तली घरं ओसाड पडत चालली. तेवढ्यात जावईबापूंचा माणूस सावेडीत आला, चकाचक गाडीतून. म्हणाला, तुमचं अ‍ॅप आम्हाला विका, तुम्ही आमच्याकडे मोठ्या हुद्द्यावर या. विकलं की 'ओसरी' बंद होणार, हेही हसत हसत सांगितलं. म्हणजे पोरीपुढे दोनच वाटा उरल्या. आपल्या हाताने बंद करायचं, नाहीतर आपोआप बंद पडताना बघायचं.

त्या संध्याकाळी मी तिसगावला त्यांच्या घरी होतो. हसीनाभाभींचं म्हणणं, "विकून टाक बेटा, कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही." आईचंच ते काळीज, चुकीचं काय बोलल्या? बाबाजानभाई कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "हे बघ पोरी, विकायचं तर आत्ताच इकून टाक. पर लढायचं म्हनलीस, तर मग मधी थांबायचं न्हाई. स्लॅब टाकायला घेतला की मधी थांबता येत न्हाई. थांबलं का तिथंच गळतं."

इथल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहे ते काय म्हणाले. पाऊस येवो, लाईट जावो, मालाचा टेम्पो अडको, स्लॅब एका दमात पुरा करायचा. सबिहाने बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "मग उद्या सुरुवात करते." हसीनाभाभी तावातावाने उठून आत गेल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना खिमा-पाव वाढला. तो त्यांचा होकार होता, हे मला जेवताना कळलं.

बाजारात स्पर्धा निकोप राहावी म्हणून दिल्लीला आयोग आहे. कोणी आपल्या ताकदीचा गैरवापर करून दुसऱ्याची वाट अडवत असेल तर तिथे दाद मागता येते. आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्हाला आयोग म्हटलं की वेतन आयोग! सबिहाने तक्रार केली, बरोबर सह्या करायला दुकानदार हवे होते. मी केली. आणि दुसरी सही करायला कोण यावं? गोरक्षनाथ! दुकानात येऊन म्हणाला, "मार्क, तू एकटा दिल्लीला गेलास तर तिथेसुद्धा माझ्या फरशीची बदनामी करशील. मी येतो." आगगाडीत आम्ही दोघे फरशीच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरावं की इपॉक्सी, यावर गाडी सुटल्यापासून आग्र्यापर्यंत भांडलो. सबिहा वरच्या बर्थवर कानात बोळे घालून झोपली होती.

आता मुख्य गोष्ट. तक्रारीत चौकशी करण्याजोगं काही आहे का, हे ठरवायला आयोगाने दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. जावईबापूंचे वकील काय रुबाबदार! त्यांनी शांतपणे सांगितलं, की साहेब, ही फक्त चित्रं आहेत. तिथे घर नाही, फरशी नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. पहिली दिसणारी फरशी हा निव्वळ नमुना. बोट लावलं की बदलते. ज्याला हवी त्याने दुसरी निवडावी, अडवलंय कोणी?

खोटं काय सांगू, मलाही ते पटायला लागलं होतं. गोरक्षनाथ माझ्या कानात म्हणाला, "मेलो." आमचे वकील कागद चाळायला लागले. तेवढ्यात सबिहा उभी राहिली आणि तिने एक व्हिडिओ दाखवायची परवानगी मागितली.

तो व्हिडिओ पुरावा म्हणून काढलेलाच नव्हता हो! तिसगावच्या झुंबरबाई, ज्यांचं घर बाबाजानभाई बांधणार होते, त्यांच्या रिकाम्या प्लॉटवर जावईबापूंचं अ‍ॅप भर उन्हात नीट चालतं का, हे बघायला सबिहाने तो घेतला होता. पडद्यावर एका बाजूला झुंबरबाई, दुसऱ्या बाजूला त्यांना मोबाईलमध्ये दिसणारं घर. आणि काय दिसतं? मावशी दारापर्यंत येतात. दार म्हणजे काय, नुसती हवा. तिथे थांबतात. आणि चपला काढतात! एकावर एक नीट ठेवतात, आणि वैशाखाच्या उन्हात, खडीवरून, अनवाणी आत जातात. चवड्यावर चालतायत, चटके बसतायत, पण चालतायत. मागून बाबाजानभाईंचा आवाज, "अवो मावशी, चपला घाला, पाय भाजत्याल!" आणि मावशी काय म्हणतात? "आरं, नव्या फरशीवर चपला घालून कुनी फिरतं व्हय? डाग पडतील की."

मराठी न कळणाऱ्यांनाही त्या काढलेल्या चपला कळल्या, आयोगाच्या त्या दालनात एकदम हशा पिकला. मलाही हसू आलं. पण सबिहा हसली नाही. ती म्हणाली, पुढचं बघा.

पुढे बाबाजानभाई सांगतायत, "मावशी, ही फरशी आवडली नसंल तर बोट लावा, बदलंल. दुसऱ्या लई हायेत." मावशी खाली बघतात, मग मोबाईलमध्ये बघतात. म्हणतात, "आरं बाबाजान, मला जरा तांबूस पायजे हुती. पर आता ऱ्हाऊ दे. बसलेली फरशी कुनी उपटून काढतं व्हय? चांगल्या घरात तोडफोड नगं."

दालनातल्या साहेबांना मराठी कळेना. तेव्हा भाषांतराला कोण उभं राहिलं? मी! माझी हिंदी तुम्हाला ठाऊक आहे; घाम पुसत म्हणालो, "साहब, वो बोल रही है, बैठी हुई फरशी कोई उखाडता है क्या?" आता मात्र कोणी हसलं नाही.

मग सबिहा बोलली. ती म्हणाली, साहेब, यांच्यासाठी हे चित्र असेल. पण आमच्याकडे बाई घरात शिरली की ते घर झालं. तिथे जी फरशी दिसली ती बसली. बदलायचं बटण आहे, पण तिच्या मनात ते घण घालण्यासारखं आहे. तेव्हा घराच्या दारात उभं राहून पहिली फरशी जो बसवतो, त्याने गिऱ्हाईक बाजारात पोचायच्या आधीच बाजार उरकलेला असतो. तिला तांबूस फरशी हवी होती. ती आमच्या दोन्ही काकांच्या दुकानात आहे. पण ती तिथवर पोचलीच नाही.

इतकंच बोलली आणि बसली. समोरच्या वकिलांनी विचारलं, हे एका अशिक्षित बाईचं उदाहरण झालं, नाही का? तर खुद्द आयोगाचे एक सदस्य म्हणाले, की आम्ही आमच्या नव्या फ्लॅटची फरशी अशीच निवडली, आणि अजून बायको बोलते. हे मात्र मी बाहेर कुणाला सांगू नये असं आमच्या वकिलांनी बजावलंय. तुम्ही काही बाहेरचे नाही.

मंडळी, आदेश आला तेव्हा मी गोडाऊनमध्ये शिडीवर होतो. फोन सबिहाचा. "काका, सविस्तर चौकशी होणार! आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत 'ओसरी'त दिसणाऱ्या दुकानांना काढून टाकायची अट त्यांना लावता येणार नाही!" मी असा ओरडलो की हातातली पेटी खाली गेली. अख्खी पेटी फुटली, आणि मला तिचं काही म्हणता काही वाटलं नाही! रस्ता ओलांडून गोरक्षनाथ धावत आला, त्याने मला मिठी मारली, आणि मग आम्ही दोघेही एकदम बाजूला झालो, कारण समोर गिऱ्हाईक उभं होतं. लढाई संपलेली नाही, चौकशीचं काय व्हायचं ते होईल. पण वाट मोकळी झाली. गळालेले दुकानदार परत आले. 'ओसरी'त पुन्हा घरं उभी राहिली.

आणि आता ही चालली दिल्लीला! देशभरातल्या अशा अ‍ॅपमध्ये माल कसा दाखवावा, कोणाचा आधी, कोणाचा नंतर, याचे समान नियम आखणारी एक संस्था आहे. तिने आपल्या सबिहाला बोलावलं आहे. तिसगावच्या सेंट्रिंगवाल्याची मुलगी साऱ्या देशाच्या बाजाराची आखणी करायला बसणार. सांगा, नाचू नको तर काय करू?

एकच अडचण होती. नियम आखणाऱ्याचं स्वतःचं दुकान नसावं. म्हणून 'ओसरी' तिला सोडावी लागली. तिने ती कोणाला विकली नाही, आपल्या मंडळाच्या हवाली केली, सगळ्यांची म्हणून. जाताना एक बदल केला. घर उघडलं की आता जमिनीवर कोणाचीच फरशी नसते. नुसता सिमेंटचा कोबा. भिंतींना रंग नाही, नुसता गिलावा. आधी बाईने ठरवायचं, मग बसवायचं. दुकानांचा क्रम दर वेळी बदलता. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "सबे, सही पहिली मी केली होती. माझं नाव थोडं वर राहील असं काही..." तर म्हणते कशी, "काका, करते की. पण मग गोरक्षकाका माझीच तक्रार दिल्लीला करतील, आणि भाषांतराला पुन्हा तुम्हालाच यावं लागेल."

आता शेवटचं सांगतो. ग्लोरियाताई, घड्याळ दाखवू नका, खरंच शेवटचं.

परवा झुंबरबाई माझ्या दुकानात आल्या. घर गिलाव्यापर्यंत आलंय त्यांचं. मी त्यांना खुर्ची दिली, पंखा वाढवला, चहा मागवला. साहजिक आहे हो! या बाईसाठी मी दिल्लीत हिंदी बोललो होतो. म्हटलं, ही फरशी माझ्याकडूनच जाणार. त्यांच्या मोबाईलवर 'ओसरी' उघडली. कोबा. त्यांनी एकेक फरशी लावून बघितली. माझी लावली, नको म्हणून मान हलवली. दुसरी लावली, तिसरी लावली. बऱ्याच वेळाने एक तांबूस फरशी आली. त्या थांबल्या. मोबाईल धरून जागच्या जागी एक गिरकी घेतली. म्हणाल्या, "ही. हीच माझी."

मी खाली नाव वाचलं. दरंदले टाइल्स.

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "राग नगं मानू, लेका. तुझा चहा पिले, पर फरशी काय चहावर घ्यायची नसती." मला लागलं. लपवत नाही, चांगलंच लागलं. मी त्यांची पिशवी उचलली, रस्ता ओलांडून त्यांना गोरक्षनाथच्या दारात सोडलं आणि परत आलो. दया गल्ल्यावरून सगळं बघत होती. म्हणाली, "मग दिल्लीला कशाला गेला होतात हो?"

मी समोर, गोरक्षनाथच्या दुकानात शिरणाऱ्या झुंबरबाईंकडे बोट दाखवलं. मी तिला म्हटलं, "याच्यासाठीच."

सबिहा, बेटा, तुझ्यामुळे मला गिऱ्हाईक गमावण्यातला आनंद कळला. आता पुन्हा पुन्हा नको कळू दे म्हणजे झालं. तू तिथे बस, नियम आख, आणि आखताना कोणाची भीड धरू नकोस. आमची तर मुळीच धरू नकोस. सण-वाराला ये. तुझ्या आईच्या हातचं खायला आम्हीही असूच.

अध्यक्षमहोदयांनी मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी उपाशीपोटी ऐकून घेतलं, मंडळाने हा कार्यक्रम घडवून आणला, बाबाजानभाई आणि हसीनाभाभींनी अशी मुलगी आम्हाला इतकी वर्षं उसनी दिली, या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. गोरक्षनाथने नाही घातला तरी चालेल. त्याची फरशी खपली आहे.